ज्यांची भाषा, त्यांच्याच चुका

फेब्रुवारी २०१७ मधली गोष्ट. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं ट्विटरवर एक सुविचार टाकला. थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा. आणि त्यात त्यांच्या आडनावाचंच स्पेलिंग चुकवलं, 'डी-यू'च्या जागी 'डी-ई'. लोकांनी धारेवर धरलं. मग खात्यानं दुरुस्ती केली, माफीचं ट्विट टाकलं, आणि त्या माफीनाम्यात माफी हाच शब्द चुकला. 'अपॉलॉजीज' हे नाम हवं होतं, तिथं 'अपॉलजायझेस' हे क्रियापद पडलं. मराठीत सांगायचं तर 'आमची मनापासून दिलगिरी'च्या ऐवजी 'आमची मनापासून दिलगिरतो' असलं काहीतरी. नंतर तेही दुरुस्त केलं.

त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, अध्यक्षपदी निवडून आलेल्या ट्रम्प यांनी चीनवर चिडून ट्विट केलं होतं. 'अनप्रेसिडेंटेड', म्हणजे अभूतपूर्व, असं म्हणायचं होतं. लिहिताना त्यात 'प्रेसिडेंट' घुसला. नंतर ते ट्विट काढून नव्यानं टाकलं, पण तोवर जगानं वाचलं होतं.

मंडळी, हे हसण्यासाठी सांगत नाही. म्हणजे थोडं हसायला हरकत नाही. पण गेली काही वर्षं रात्री बातम्या चाळताना इंग्लंड-अमेरिकेतले लोक समाजमाध्यमांवर काय लिहितात ते मी मुद्दाम बघतो. धंद्याची खोड म्हणा. वीसेक वर्षं दुसऱ्याच्या बातमीवर लाल पेन फिरवलं की डोळा आपोआप चुकांवर जातो. आणि बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. ज्यांची इंग्रजी मातृभाषा आहे ते लोक भरपूर चुकतात. पण ते आपल्यासारखे चुकत नाहीत. त्यांच्या चुका वेगळ्या, आपल्या वेगळ्या. हा फरक कळला की आपल्या गावात इंग्रजीवरून एकमेकांची जी लाज काढली जाते तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

सगळ्यात गाजलेली चूक घ्या. 'युअर' म्हणजे तुझं, स्पेलिंग वाय-ओ-यू-आर. आणि 'यू आर' म्हणजे तू आहेस, त्याचं आखडलेलं रूप, ज्यात अपॉस्ट्रॉफी येतं, म्हणजे अक्षरांच्या वरच्या अंगाला टांगलेला तो स्वल्पविराम. बोलताना दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. त्यामुळे तिकडे लोक रोज 'तू मूर्ख आहेस' लिहायला जातात आणि 'तुझं मूर्ख' लिहून बसतात. 'देअर'ची तर तीन भावंडं. तिथे, त्यांचं, आणि ते आहेत. उच्चार एक, स्पेलिंगं तीन. पदवीधर माणसंही यात घसरतात.

गंमत अशी की यातली चूक फोनला सहजी कळत नाही. स्पेलिंग चुकलं तर लाल रेघ येते. पण इथे चुकीच्या जागी बसलेला शब्दही शब्दकोशातला अस्सल शब्दच असतो, मग रेघ येणार कुठून? उलट कधी कधी फोनच आपल्या मनानं एकाच्या जागी दुसरा घालून देतो.

माझी सगळ्यात आवडती चूक म्हणजे 'कुड ऑफ'. बरोबर आहे 'कुड हॅव', म्हणजे करता आलं असतं. पण इंग्रज माणूस बोलताना 'हॅव'चा सगळा ऐवज गिळतो आणि शेवटचा 'व्ह' तेवढा ठेवतो. कुडव्ह, शुडव्ह, वुडव्ह. आणि ओ-एफ हा शब्द आपण 'ऑफ' म्हणतो, पण त्यांच्या तोंडी तो 'अव्ह' असतो. म्हणजे दोन्ही एकच ऐकू आलं. मग लहानपणापासून कानानं शिकलेलं पोर हातानं लिहिताना 'कुड ऑफ' लिहितं. त्याच्या कानानं त्याला खरंच तसं सांगितलेलं असतं.

आता तुम्ही आठवून बघा, आपल्या तालुक्यातल्या कुठल्या विद्यार्थ्यानं कधी 'कुड ऑफ' लिहिलेलं पाहिलंय? मी तरी नाही. कारण आपण 'कुड हॅव' कानानं शिकलोच नाही. फळ्यावर शिकलो. 'शुड हॅव, वुड हॅव, कुड हॅव, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप.' गो-वेंट-गॉन घोकलं. माझ्या पिढीला पाचवीत एबीसीडी आली, पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. तोवर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला नाहीतर सरांची छडी. प्रत्येक स्पेलिंग दहा वेळा वहीत. बोलायची वेळ आली की घसा कोरडा, पण लिहिताना स्पेलिंग बरोबर. वर आपण ओ-एफला 'ऑफ' म्हणतो, म्हणजे आपला उच्चार चुकीचा आहे म्हणून आपलं लिखाण बरोबर येतं! यापेक्षा मजेशीर काय असणार.

थोडक्यात, ते कानानं शिकले आणि आपण डोळ्यांनी.

अर्थात सगळंच कानावर ढकलता येणार नाही. हरवणे या अर्थाच्या 'लूझ'मध्ये एक ओ आणि सैल या अर्थाच्या 'लूस'मध्ये दोन. हे दोन शब्द ते लोक वेगळे उच्चारतात, तरी लिहिताना हमखास गोंधळतात. कारण 'चूझ'मध्ये दोन ओ आहेत, मग त्याच चालीवर 'लूझ'मध्ये का नसावेत? पोराचा तर्क बरोबर, भाषा तिरपागडी. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यात बी कशाला? लॅटिनमध्ये 'डेबिटम' होतं म्हणून जुन्या पंडितांनी तो मागाहून कोंबला. उच्चारात कधी आलाच नाही, स्पेलिंगमध्ये मात्र कायमचा राहिला. अशा भाषेतच स्पेलिंगच्या स्पर्धा टीव्हीवर दाखवाव्या लागतात. अमेरिकेत ती स्पर्धा भारतीय वंशाची मुलं वर्षानुवर्षं गाजवतात. २०१९ मध्ये एकदम आठ विजेते झाले, त्यातले सात भारतीय वंशाचे. घरातली शिस्त, पाठांतर, शब्दाचं मूळ शोधायची सवय, हे सगळं आपल्या ओळखीचंच आहे.

'इट्स'चं प्रकरण तर अजून गमतीचं. रामाचं पुस्तक लिहायचं तर 'राम'ला अपॉस्ट्रॉफी आणि एस लावतात. मग 'त्याचं' या अर्थी 'इट'लाही तसंच लावावं, असं कुणालाही वाटेल. पण नियम सांगतो, नाही, सर्वनामांना अपॉस्ट्रॉफी नाही. 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी दिलंत तर त्याचा अर्थ 'ते आहे' असा होतो. आता यात चुकणारा माणूस बिनडोक म्हणायचा का? तो तर नियमच पाळायला गेला. सतराव्या-अठराव्या शतकातल्या छापील इंग्रजी पुस्तकांत 'त्याचं' या अर्थी अपॉस्ट्रॉफीवालं 'इट्स' सर्रास सापडतं. आज ज्याला आपण चूक म्हणतो, ती तेव्हाच्या शिकल्यासवरल्यांची रीत होती.

आणि अपॉस्ट्रॉफीची दुसरी तऱ्हा म्हणजे जिथे तिथे तो टांगणं. सफरचंदं लिहायचं असलं तरी एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी. इंग्लंडमध्ये याला नावच पडलंय, भाजीवाल्याचं अपॉस्ट्रॉफी. या प्रकाराला वैतागून जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली. दुकानदारांना, पालिकांना सौम्य शब्दांत कळवायचे, तुमच्या पाटीवर अमुक चुकलंय. २०१९ च्या शेवटी वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी संस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण असं दिलं की आता फारसं कुणाला पडलेलं नाही, अज्ञान आणि आळस जिंकले. अठरा वर्षं एका टिंबाएवढ्या चिन्हासाठी भांडणारा माणूस. आमच्याच जातकुळीचा, म्हणून जास्त आपुलकी वाटते.

आता कुणी म्हणेल, इंग्रजांना त्यांचीच भाषा धड येत नाही, मजा आहे. थांबा. जरा चौकात जाऊन बघा.

दर जानेवारीत आपल्याकडे फ्लेक्स लागतात, 'प्रजासत्ताक दीनाच्या हार्दीक शुभेच्या'. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, बिचारा. प्रजासत्ताक कसं आहे ते त्या फ्लेक्सवाल्यानं नकळत सांगून टाकलंय असं मला दरवर्षी वाटतं, पण ते सोडा. ही चूक कुणी केली? मराठी मातृभाषा असलेल्या माणसानं. का केली? कारण बोलताना दिन आणि दीन आपल्या तोंडी एकच. शुभेच्छा आणि शुभेच्या घाईत बोललात तर एकच. कानानं सांगितलं तसं बोटानं टाइप केलं. 'आणि'ची 'णि' ऱ्हस्व, 'पाणी'ची 'णी' दीर्घ, हे कानाला कळायचा मार्गच नाही, ते नियमात आहे म्हणून. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, असे अठरा. ते किती जणांनी वाचलेत? 'तिने'चं 'तीने', 'की'चं 'कि', रोज शेकड्यानं दिसतात. आणि ते लिहिणारी माणसं मराठी न येणारी नाहीत. उत्तम मराठी बोलतात, भांडतात, ओव्या म्हणतात, म्हशीचा सौदा करतात. परदेशी विद्यापीठात मराठी शिकलेली बाई कदाचित 'आणि' बिनचूक लिहील, पण 'पुस्तक माझी' म्हणून जाईल. ती चूक आपलं तीन वर्षांचं पोरगंही करत नाही.

अगदी हेच इंग्रजीचं आहे. तिकडचा माणूस 'युअर'मध्ये घसरतो, पण 'अ', 'ॲन', 'द' कुठे लावायचं यात सहसा चुकत नाही, आणि ते त्याला कुणी शिकवलेलंही नसतं. आपण तिथेच गटांगळ्या खातो, कारण मराठीत ती भानगडच नाही. 'दोन महिन्यांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हीला आपल्याकडे एकच 'पासून'. इंग्रजीत पहिल्याला 'फॉर' आणि दुसऱ्याला 'सिन्स'. म्हणून आपण 'सिन्स टू मंथ्स' लिहितो. 'विषयावर चर्चा' म्हणतो म्हणून 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' किंवा 'ऑन' लावतो. 'मी स्वतः अमुक तमुक' या थाटात मुलाखतीत 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करतो. या चुकांत आपली मराठी दिसते. आपल्या घराचा उंबरठा दिसतो म्हणा ना.

आता मुद्द्यावर येतो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावात बाजारतळाच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी चर खणला. काम बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीकडे. चर खणून माणसं गेली ती गेलीच. ना पत्रे लावले, ना दिवा. दोन मोटारसायकली आत गेल्या, एकाचा हात मोडला. गावातल्या एका तरुणानं, आयटीआय झालेला आहे, नाव सांगत नाही, कंपनीच्या पानावर जाऊन तक्रार लिहिली. कंपनीवाल्यांना मराठी कळायची नाही म्हणून इंग्रजीत लिहिली. साधारण अशी, 'टू बाइक इज फॉल डाउन, वुई आर सफरिंग सिन्स टू मंथ, नो लाइट इन नाइट.' खाली चराचा फोटो.

कळलं की नाही? तुम्हाला कळलं, मला कळलं, परराज्यातल्या इंजिनिअरलाही कळलं असणार. दोन गाड्या पडल्या, दोन महिने त्रास आहे, रात्री दिवा नाही. बातमीत काय लागतं? काय, कधीपासून, कुठे, आणि पुरावा. सगळं आहे.

त्याखाली कंपनीचं उत्तर आलं नाही. आपल्याच गावकऱ्यांची उत्तरं आली. हसण्याची चिन्हं. 'आधी ग्रामर शिक.' 'गावाची इज्जत घालवली.' एकानं त्याच्या वाक्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर फिरवला, वर लाल गोल करून. आणि एका सद्गृहस्थांनी त्याला इंग्रजीतच उपदेश केला, आधी तुझं इंग्रजी सुधार म्हणून. त्यात 'तुझं' या अर्थी जो 'युअर' लिहिला, तो अपॉस्ट्रॉफीवाला. म्हणजे 'आधी तू आहेस इंग्रजी सुधार.'

याला जगात नाव आहे बरं का. जॉन बँगसंड नावाच्या ऑस्ट्रेलियन संपादकानं १९९२ मध्ये एक नियम गमतीनं मांडला. दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दाखवायला जाल तर तुमच्या त्याच मजकुरात चूक असणारच. नियमाचं नाव 'मफ्री'चा नियम. 'मर्फी' हे नाव मुद्दाम चुकवून ठेवलेलं.

दोन दिवसांत त्या पोरानं पोस्ट काढून टाकली. चराचा फोटोही गेला, तारीखही गेली, हात मोडल्याचा उल्लेखही गेला. कंपनीला आयतंच. तिला एक ओळ लिहावी लागली नाही, तिचं काम आपल्याच माणसांनी फुकटात केलं.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात मोठी चूक 'सिन्स टू मंथ' नव्हतीच.

माणसं असं का करतात यावर मिशिगन विद्यापीठातल्या दोन भाषा-अभ्यासकांनी २०१६ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ८३ लोकांना घरात भाडेकरू म्हणून राहायला येऊ इच्छिणाऱ्यांचे ईमेल वाचायला दिले. काहींत टायपिंगच्या चुका, काहींत 'युअर'सारख्या व्याकरणाच्या चुका, काही स्वच्छ. मग विचारलं, हा माणूस घरात राहायला कसा वाटतो? चुका असलेल्यांना एकूण कमी गुण मिळाले. पण व्याकरणाच्या चुकांवर जास्त कठोर कोण झालं? तर जे मुळात इतरांशी जुळवून घेण्यात कमी पडतात, ते. ८३ लोकांवरून सगळ्या जगाचा स्वभाव ठरत नाही हे मलाही कळतं. तरी गावचा ग्रुप डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तर काही चेहरे आठवतात खरे.

आणि चेष्टा किती चिवट असते बघा. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हाची, १९९२ ची गोष्ट. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डॅन क्वेल एका शाळेत गेले. एका मुलानं फळ्यावर 'पोटॅटो' बरोबर लिहिलं होतं, त्यांनी त्याला शेवटी एक जादा ई लावायला लावला. त्यांच्या हातात जे कार्ड दिलेलं होतं त्यावरच ते स्पेलिंग चुकलेलं होतं. पण लक्षात काय राहिलं? बटाटा. चार वर्षं उपाध्यक्ष होते, त्यांनी चांगलं-वाईट काय केलं ते आज कुणाला सांगता येणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचं बोलतो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की पत्रकारच सांगतोय, व्याकरण गेलं खड्ड्यात. तसं अजिबात नाही. व्याकरणावर माझं पोट आहे. चुकीची किंमत मोजावी लागते आणि कधी कधी ती फार महाग पडते.

ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये एका इस्टेट एजंटनं फेसबुकवर आपल्या आधीच्या मालकाबद्दल लिहिलं. आशय असा की लाखो डॉलरची घरं विकतो, पण कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे पैसे भरत नाही. 'एम्प्लॉइज' या शब्दात अपॉस्ट्रॉफी टाकायचं राहिलं. एसच्या आधी टाकलं असतं तर अर्थ झाला असता एका कर्मचाऱ्याचे. ते नाही म्हटल्यावर शब्द अनेकवचनी दिसतो, सगळ्या कर्मचाऱ्यांचे. मालक बदनामीच्या दाव्यासाठी कोर्टात. लिहिणारा म्हणाला, मला फक्त माझ्याच पैशांबद्दल म्हणायचं होतं. बारा तासांच्या आत पोस्ट काढलीही होती. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये कोर्टानं दावा सुरुवातीलाच निकाली काढायला नकार दिला. एका माणसाचे पैसे राहिले असं म्हणणं वेगळं आणि मालक सगळ्यांचेच बुडवतो असं म्हणणं वेगळं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशात, फेसबुकवरच्या एका पोस्टमधल्या एका चिन्हावरून ही वेळ आली.

इंटरनेटबाहेरचंही एक सांगतो, कारण मला ते फार आवडतं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका दूध डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइम मागितला. राज्याच्या कायद्यात कुठल्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही त्याची यादी होती. साठवणं, आणि शेवटी 'पाठवणीसाठी बांधणं किंवा वितरण'. इंग्रजीत त्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हरांचं म्हणणं, स्वल्पविराम नाही म्हणजे हे एकच काम आहे, पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधाबांध करणं. आम्ही बांधत नाही, आम्ही फक्त गाडी चालवतो, म्हणजे आम्ही यादीत नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टानं हा अर्थही निघू शकतो असं मानून ड्रायव्हरांच्या बाजूनं कौल दिला आणि २०१८ मध्ये डेअरीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली. कामगारांच्या हिताचा एवढा मोठा स्वल्पविराम मी दुसरा पाहिला नाही. तोही नसलेला.

म्हणजे करार, कायदा, बातमी, अब्रूचा मामला, इथे चिन्ह न् चिन्ह तपासून घ्या. तक्रार करणाऱ्या पोराच्या तीन ओळींना मात्र ती फूटपट्टी लावू नका. तिथे अर्थ कळला की नाही एवढंच बघायचं, आणि न कळल्यास विचारायचं.

शिवाय चूक म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं बरंचसं चूकही नसतं. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा माणूस 'आय वॉज'च्या जागी 'आय वेअर' म्हणतो, ती त्याच्या आजोबांची बोली आहे. अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या बोलीत 'ही बी वर्किंग' म्हणतात. त्याचा अर्थ 'तो आत्ता काम करतोय' असा नाही, 'तो नेहमी कामावर असतो' असा आहे. म्हणजे प्रमाण इंग्रजीत जो फरक करायला जादा शब्द लागतो तो या बोलीत एका 'बी'त होतो. आपल्याकडे वऱ्हाडातला माणूस 'येऊन राहिलो' म्हणतो, तेव्हा पुण्यातला हसतो. हसणाऱ्याला वाटतं त्याला व्याकरण कळतं. खरं तर त्याला एकच व्याकरण कळतं.

आणि काही नियम तर कुणाच्या तरी आवडीतून जन्मलेले. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' म्हणू नये, 'फ्युअर' म्हणावं, हा इंग्रजीतला फार सोवळा नियम. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकानं आपल्याला तसं बरं वाटतं म्हणून सुचवलं, पुढे मास्तरांनी त्याची शिळा केली. त्यावरून इतकी कटकट झाली की २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीनं दहा वस्तूंच्या रांगेवरची पाटीच बदलली. 'दहापर्यंत वस्तू' लिहून मोकळे झाले.

लहानपणी फार ओरडा खाल्ला की माणूस उलट्या बाजूला पडतो, तेही तिकडे दिसतं. 'मी अँड टॉम' म्हणू नको, 'टॉम अँड आय' म्हण, असं आईनं शंभरदा सांगितलेलं असतं. मोठेपणी तो 'बिट्वीन यू अँड आय' म्हणायला लागतो, जिथे 'मी'च हवं असतं. 'पानी' म्हटलं म्हणून वर्गात हसू झालेलं आपलं पोरगं धास्तीनं 'मना'चाही 'मण' करून टाकतं, त्यातलाच प्रकार. लाज घालून शिकवलेलं व्याकरण असंच भलतीकडे फुटतं.

आपल्या तालुक्यात आता प्रत्येक आळीत एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे आणि बसस्टँडसमोर 'तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी'चे बोर्ड. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना मी एकच सांगत असतो. मुलाला इंटरनेटवर गोऱ्या माणसानं लिहिलेलं दिसलं म्हणून ते बरोबर, असं समजू देऊ नका. ते बोलतात ते त्यांच्याकडून ऐकून घ्या, लिहायचं मात्र चांगल्या पुस्तकातून घ्या. इंग्लंडमध्येही कित्येक वर्षं शाळांतून व्याकरण मागे पडलं होतं. २०१३ पासून प्राथमिकच्या शेवटी व्याकरण, विरामचिन्हं, स्पेलिंग अशी वेगळी परीक्षाच त्यांनी सुरू केली. त्यांनाही शिकावं लागतं. आणि मूल बोलताना अडखळलं तर घरात तरी हसू नका. ते दोन भाषांच्या मधल्या फळीवरून चाललेलं असतं.

या पानावर मी आजपासून एवढं करणार आहे. कुणी रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल लिहिलं आणि त्याखाली कुणी फक्त त्याचं व्याकरण काढलं, तर ती प्रतिक्रिया उडवणार. मराठीच्या चुकांनाही हेच लागू. ज्याला खरंच मदत करायची आहे त्यानं त्या माणसाला खासगीत निरोप पाठवावा, दोन ओळी नीट लिहून द्याव्यात. मी स्वतः द्यायला तयार आहे. संध्याकाळी सातनंतर ऑफिसवर या, चहा माझा. कंपनीला, जिल्हाधिकाऱ्यांना, कुणाला काय लिहायचंय ते बसून लिहू. त्या तरुणाशी बोलणं झालंय, त्याची तक्रार आम्ही परत तयार केली आहे, त्याच्याच शब्दांत, चार ठिकाणी हात फिरवून. उद्या जाईल.

चर अजून उघडाच आहे. रात्री बाजारतळाकडून येणाऱ्यांनी शाळेच्या भिंतीकडून गाडी काढावी, तिथे रस्ता शाबूत आहे.